हात लावाच्या आधी

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा थूल सिस्टर शेवटच्या घटका मोजताहेत असंच मला वाटलं. लोखंडी कॉटवर डोळे मिटून पडलेली सत्तरीची बाई, गळ्यापर्यंत पांढरी चादर आणि भोवती चार मुली खाली मान घालून उभ्या. मी नगरपरिषदेच्या मालमत्ता विभागातला कारकून, इमारतीची पाहणी करायला गेलेलो. दारातच माझे पाय थबकले. "डॉक्टरला फोन केला का कोणी?" मी घाबरून विचारलं. बाईंनी एक डोळा उघडला. "बाबू, चपला बाहेर काढा. पेशंट झोपून हाय." आणि डोळा परत मिटला. मुली तोंडात ओढण्या कोंबून हसत होत्या.

ती इमारत म्हणजे आमच्या नगरपरिषदेची जुनी मुलींची शाळा. पट घसरत गेला आणि शाळा बंद पडली. दोन खोल्या, एक व्हरांडा, अंगणात कडुनिंब, भिंतीवर रंगवलेली बाराखडी. कुलूप लावलं की जुगारी बसतात आणि उघडं ठेवलं की शेळ्या, असे तिचे हाल चालले होते. अशात एका सेवाभावी संस्थेने अर्ज केला. गरजू घरच्या मुलींना रुग्णांची देखभाल शिकवायची आणि सेवाग्राम, सावंगीकडच्या दवाखान्यांत कामाला लावायचं, असा त्यांचा बेत. सभेत ठराव झाला, अकरा महिन्यांचा करार झाला. करारनामा मीच तयार केला. त्यातली सातवी अट, 'सदर इमारतीत कोणीही मुक्काम करू नये', ही खास माझी भर होती. मला तिचा फार अभिमान होता.

संस्थेकडे साहित्य म्हणजे मोडीत निघालेली एक कॉट, दोन बादल्या आणि रक्तदाब मोजायचं यंत्र. शिकवायला सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या थूल सिस्टर मिळाल्या. पण सराव करायचा कोणावर? सिस्टरांनी पायातल्या वहाणा काढल्या आणि त्या सरळ कॉटवर आडव्या झाल्या. तेव्हापासून रोज अकरा ते दोन त्या आजारी असत. कधी लकवा मारलेल्या, कधी मांडीचं हाड मोडलेल्या, कधी काहीच न कळणाऱ्या. मुली त्यांचं तोंड पुसत, केस धुऊन देत, कुशीवर वळवत, चमच्याने वरणभात भरवत. आजार अंगात असा भिनायचा की घास गिळताना त्या खरोखर ठसकत.

शिकवणं सगळं पडल्या पडल्या. रोहण्याहून एसटीने येणारी प्रणाली नावाची एक मुलगी होती. हाताला चपळ, पण भारी उतावीळ. तिने एकदा न बोलता सिस्टरांचा खांदा धरून त्यांना वळवलं. लकवा मारलेला पेशंट ताडकन उठून बसला.

"काऊन वं? मी काय तुरीचं पोतं हाओ?"

"नाई सिस्टर."

"मंग? आधी सांगाव, मंग हात लावाव. पानी गरम हाय का थंड, विचाराव. आन विचारून थांबाव. पेशंटले जवाब द्याले वेळ लागते."

"आन त्यानं जवाबच नाई देल्ला तं?"

"तरी थांबाव."

हे 'थांबाव' मी त्या खोलीत किती वेळा ऐकलं असेल, गणती नाही. कारण पाहणीच्या नावाखाली मी वरचेवर तिकडे जाऊ लागलो होतो. कार्यालयात कोणी विचारलं तर छप्पर गळतंय असं सांगायचो. खरं कारण असं की घरी माझी वाट पाहणारं कोणी उरलं नव्हतं. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. तिकडे गेलं की निदान चहा मिळायचा आणि "बाबू, वाळून चाल्ले तुमी" असं कोणीतरी म्हणायचं.

एके दिवशी सिस्टरांनी मलाच फर्मावलं, "झोपा. पोरीयले गडीमानूस पेशंट पायजे." मी आढेवेढे घेतले, सरकारी नोकर असल्याचं सांगितलं. उपयोग झाला नाही. आडवा झालो तशी प्रणाली म्हणाली, "काका, मी आता तुमचा डावा पाय पुसून राह्यली. पानी कोमट हाय. चालते ना?" आणि ती थांबली. मला 'हो' म्हणायचं होतं. मी नुसता छताकडे पाहत राहिलो. दोन वर्षांत मला कोणी हात लावला नव्हता, हे मला त्या क्षणी कळलं. न्हाव्याने लावला असेल तेवढाच. मुलींच्या ते लक्षात आलं नाही, की त्यांनी मुद्दाम पाहिलं नाही, कोण जाणे. सिस्टर मात्र पाहत होत्या.

मुली जेवायला गेल्यावर त्या म्हणाल्या, "बाबू, चाळीस वर्सं मी लोकायले हात लावला. दिवसाचे पन्नास पन्नास. मले कोनं लावला?" त्यांनी लग्न केलं नव्हतं. नागपूरला भाऊ होता, त्याची मुलं होती, दिवाळीला फोन येत. गावात दोन खोल्यांच्या घरात एकट्याच राहायच्या. "इथं येतो तं तीन घंटे कोनी ना कोनी केस विचरते," त्या हसून म्हणाल्या आणि चहाचे कप विसळायला गेल्या.

तेव्हापासून एक गोष्ट मला दिसू लागली. मुलीने नीट केलेलं कामही सिस्टर पुन्हा करायला लावत. केस उत्तम विंचरले गेले असले तरी "परत" म्हणत. मुलींना वाटे, बाई शिस्तीच्या.

मग तक्रार आली. एका नगरसेवकाला ती जागा व्यायामशाळेसाठी हवी होती. त्याने लेखी कळवलं की शाळेच्या इमारतीत एक म्हातारी खाट टाकून मुक्कामाला आहे आणि गरीब मुलींकडून अंग रगडून घेते. सातव्या अटीचा भंग! माझीच अट माझ्या मुंडीवर येऊन बसली. मुख्याधिकाऱ्यांनी खुलासा मागवला. करार रद्द झाला असता तर वीस मुलींचं शिक्षण अर्ध्यावर सुटणार होतं. मी सगळी हुशारी पणाला लावून टिपणी लिहिली. सदर महिला प्रशिक्षिका असून सरावासाठी रुग्णाची भूमिका करतात, मुक्काम करत नाहीत. इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण टिपणी वजनदार दिसावी म्हणून मी पुढे एक वाक्य जोडलं: 'संस्था सरावासाठी लवकरच मानवी प्रतिकृती उपलब्ध करीत असून त्यानंतर ही व्यवस्था बंद होईल.'

मुख्याधिकाऱ्यांना ते वाक्य इतकं पसंत पडलं की त्यांनी त्याचीच अट केली. संस्थेने धावपळ करून कुठल्याशा दात्याकडून बाहुली मिळवली. भल्यामोठ्या खोक्यातून ती आली. गुलाबी रबरी कातडी, निळे डोळे, अर्धवट उघडं तोंड. तिला कॉटवर निजवलं. जागा वाचली. मी पेढे घेऊन गेलो होतो.

सिस्टर खिडकीजवळ खुर्चीवर बसल्या होत्या. त्या खोलीत त्यांना बसलेलं मी फार कमी वेळा पाहिलं होतं. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. "तुमीच बोलावली म्हने इले," त्या म्हणाल्या. मी पेढ्यांचा पुडा पुढे केला. "बरं केलं. जागा तं राह्यली पोरीयची." त्यांनी पेढा घेतला आणि तो कितीतरी वेळ हातातच धरून ठेवला.

बाहुलीला मुली भराभरा वळवत, भराभरा पुसत. सिस्टर खुर्चीतून ओरडत, "सांग तिले आधी!" एकदा प्रणाली वैतागून म्हणाली, "सिस्टर, बावलीले काय सांगाव? तिले आयकू येते का?"

"ज्याले आयकू येत नाई, त्याले तं पयले सांगाव," सिस्टर म्हणाल्या. प्रणालीने मान हलवली आणि न बोलता बाहुलीचा हात उचलला.

पुढे करार वाढवायची वेळ आली. सिस्टर स्वतः कार्यालयात आल्या. माझ्या टेबलासमोर बसून इकडचं तिकडचं बोलल्या, उठल्या, परत बसल्या. "बाबू, आठोड्यातून एक रोज बावलीले बाजूले ठेवता येईन का? एकच रोज. बुधवारी. म्हंजे पोरीयले जित्या मानसाचा अंदाज यीन." मुलींचं नाव होतं, पण मागणं कोणाचं होतं ते मला पुरतं ठाऊक होतं. मी म्हणालो, "सिस्टर, अटीत बसत नाही हो. पण पाहतो." पाहतो म्हणजे काय, हे सरकारी नोकरी केलेल्या बाईला सांगायला नको होतं. त्यांनी मान डोलावली आणि पदर सावरून निघून गेल्या. करार मी जसाच्या तसा वाढवला. एक ओळ घालायची होती. फार तर साहेबांनी खोडली असती. मी घातली नाही.

दोन महिन्यांनी एका सोमवारी सिस्टर वर्गावर आल्या नाहीत. मुली सिस्टरांच्या घरी गेल्या. आतून आवाज येईना, तेव्हा शेजाऱ्यांनी दार तोडलं. त्या झोपेतच गेल्या होत्या, आदल्या दिवशी केव्हातरी. डॉक्टर येऊन गेले. मी पोचलो तेव्हा भावाची माणसं नागपूरहून निघाली होती. शेजारच्या बाया दारात कुजबुजत होत्या, आंघोळ कोण घालणार, घरचं बाईमाणूस तर नाही. प्रणालीने ओढणी कमरेला बांधली. "आमी घालतो," ती म्हणाली. तिने शेजारून पाणी तापवून आणायला सांगितलं. बायांपैकी एक म्हणाली, "आता गरम पानी कायले वं?" प्रणालीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दार लोटलं गेलं. मी बाहेर ओट्यावर बसलो. आत बादलीचा आवाज झाला, मग प्रणालीचा. रडून चिरका झालेला, पण वर्गात सिस्टर घोकून घेत तसा एकेक शब्द सुटा.

"सिस्टर, मी प्रणाली. मी आता तुमचं तोंड पुसून राह्यली."

फडकं पिळल्याचा आवाज.

"सिस्टर, आता तुमाले डाव्या कुशीवर घेतो. आमी दोघी हाओ. भेव नोका."

बाया कुजबुजायच्या थांबल्या.

"आता केस धुतो, सिस्टर. पानी कोमट हाय. चालते ना?"

आणि ती थांबली. बाहेर मीही थांबलो.