निळा मग्गा

लेकराच्या कबरीवर ठेवलेलं खेळणं तुम्ही कधी उचलून कचऱ्यात टाकलंय का? नाही म्हणायची घाई करू नका. आवार साफ दिसावं म्हणून तुम्हीही कुठल्या तरी मीटिंगमध्ये हात वर केला असेल आणि घरी जाऊन पोटभर जेवला असाल. प्रेमिलाबाई नुसता हात वर करून थांबल्या नाहीत. त्यांनी हातमोजे घातले.

प्रेमिलाबाई सोनटक्के म्हणजे नागपुरातल्या एका दवाखान्याच्या लेकरांच्या वॉर्डात सारी नोकरी काढलेली आयाबाई. करारी बाई. डॉक्टरसुद्धा चप्पल बाहेर काढून आत यायचे. वॉर्डात त्यांची एक रीत होती. एखादं लेकरू गेलं, की त्याची माय बेडकडे परत यायच्या आत बाई चादर बदलायच्या. दुधाची बाटली, खुळखुळा, अर्धा राहिलेला बिस्किटाचा पुडा, सगळं पिशवीत भरून नजरेआड करायच्या.

"डोळ्यासमोर राहिलं तर ते माय पागल होईन वं," असं नव्या आयांना शिकवायच्या. यालाच त्या माया म्हणायच्या. त्या पिशव्या नंतर कोणी मागायला आलं का, हे त्यांनी कधी कोणाला विचारलं नाही.

रिटायर झाल्यावर त्या चर्चच्या कब्रस्थान कमिटीवर आल्या. या कब्रस्थानात मोठ्या माणसाला दगड मिळतो, नंबर मिळतो. लेकरांची रांग मागे, कुंपणाला लागून, बाभळीखाली. जागा सापडेल तिथं खड्डा, वर मातीचा उंचवटा, बस्स. त्या उंचवट्यावर मायबाप जीव ओतायचे. बाहुल्या, बांगड्या, चाक निघालेली मोटार, फुस्स झालेले वाढदिवसाचे फुगे.

बिशपसाहेब यायचे ठरले तेव्हा कमिटीचे अध्यक्ष चंपतराव म्हणाले, "बाई, ते मागे भंगाराचं दुकान लागल्यावानी दिसून राहिलं जी."

बाईंनी तिथल्या तिथं नियम सांगितला. पेंटरनं तो फाटकावर रंगवला: "लहान मुलांच्या कबरींवर खेळणी व प्लास्टिकच्या वस्तू ठेवू नयेत. ठेवल्यास हटविण्यात येतील." हटविण्याचं काम बाईंनी स्वतःकडे घेतलं. पाऊस सरला होता. काळी माती आधी फुगली, मग उन्हानं तडकली, आणि अर्धेअधिक उंचवटे बसून जमिनीला लागले होते. रांगेत एक आंघोळीचा निळा मग्गा मातीत उलटा रोवलेला होता, कान तुटलेला. बाईंचं डोकंच तापलं. लोक आता न्हाणीतलं सामानही इथं आणून टाकतात! त्यांनी तो उपटला. गोणी भरली, कचऱ्याच्या गाडीत गेली. बिशपसाहेब "फार छान ठेवलंय" म्हणाले. बाईंना दोन दिवस झोप गोड लागली.

मग दोन नोव्हेंबर, मृतांचा दिवस. सगळं कब्रस्थान झेंडूनं आणि मेणबत्त्यांनी भरलेलं. लेकरांच्या रांगेत एक बाई वाकून वाकून जमीन बघत फिरत होती.

"काहून वं, काय शोधून राहिली?" प्रेमिलाबाईंनी विचारलं.

"मावशी, इथं एक निळा मग्गा होता. माह्या पोरीचा. गुंजनचा."

ती काजल. हुडकेश्वरहून आलेली, नवरा सौरव प्लास्टरचं काम करतो. तीन वर्षांची गुंजन फेब्रुवारीत तापानं गेली. त्या मग्ग्याशिवाय ती अंगावर पाणी घालू द्यायची नाही. कान तिनंच आपटून तोडला होता. सौरवनं तो आपल्या हातानं रोवला, म्हणाला, दगड घेऊ तोवर हीच खूण.

बाईंना ती गोणी आठवली. कबर खोदणारे नत्थूजी जवळच होते. काजलनं त्यांना विचारलं.

"मले काय मालूम, पोरी? मी बी मग्गा पाहूनच वळखत होतो."

काजल रडायला लागली, आणि बाईंच्या हातांना वॉर्डातली जुनी सवय आठवली. रडणं दिसलं की झाकून टाकायचं. रांगेच्या टोकाला, मोठ्यांच्या दगडांना लागून, एक उंचवटा अजून धड होता. त्यांनी बोट दाखवलं.

"हेच गुंजन. मले पक्कं आठवते."

काजल तिथं बसली. मेणबत्ती लावली. जाताना बाईंच्या पायाला हात लावून गेली.

पुढचा प्रत्येक रविवार बाईंना खायला उठायचा. काजल यायची, त्या उंचवट्यावर पाणी शिंपडायची, हळू आवाजात काहीबाही गायची. बाई दूरच्या बाकावर बसायच्या. सांगू म्हणायच्या आणि कबरींना चुना कुठे कमी पडलाय ते बघत निघून जायच्या. रात्री घरात मोरीतला मग्गा दिसला की पालथा करून ठेवायच्या, मग पुन्हा सरळ करायच्या.

नाताळाच्या आधीच्या रविवारी मौद्याहून करिष्मा नावाची एक माय आली. हातात केक, डोळ्यात प्रवासाची धूळ.

"ओ ताई, उठा जी. हा आमचा स्वानंद हाये."

"काहीबी काय! हे माही पोरगी हाये. मावशीनं दाखवली."

"कोण मावशी? इथं पाहा, हा माह्या सासऱ्याचा दगड. आजोबाच्या पायाशी नातू, असं म्हणून आम्हीच निजवला त्याले इथं."

काजल दगडावरचं नाव वाचत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मी इतके रविवार तुमच्या पोराले गाणी म्हणून राहिली?"

करिष्माचा आवाज उतरला. "म्हणली तर म्हणली, बाई. एकटाच राहते तो. त्याले बरंच वाटलं असन."

दोघींनी मिळून मागे पाहिलं. प्रेमिलाबाई बाकावरून उठून आल्या होत्या.

"मग्गा मीच फेकला," त्या म्हणाल्या. "आन जागा मले माहीत नव्हती. तुले बरं वाटावं म्हणून..."

"मले?" काजलनं विचारलं.

बाईंनी मान हलवली. "नाही. मले बरं वाटावं म्हणून."

काजल ओरडली असती तर बाईंना सोसलं असतं. ती एवढंच म्हणाली, "मग माही गुंजन कुठी हाये, मावशी?"

करिष्मानं केक कापला आणि पहिला तुकडा काजलच्या हातात ठेवला. काजलनं तो तसाच धरून ठेवला. बाईंना कोणी दिला नाही, आणि त्यांनी मागितलाही नाही.

काजल आता रांगेत येत नाही. फाटकाशी उभी राहते. पाय कुठं ठेवायचा? पायाखाली गुंजन असली तर? बाईंनी कमिटीला सांगितलं, नियम पुसा, लेकरांनाही नंबर द्या. चंपतराव म्हणाले, "पाहू ना, पुढच्या मीटिंगमध्ये." पाटी अजून तिथंच आहे, रंग उडालेला नाही. सौरवलाही नुसत्या मातीवरून जागा सांगता येत नाही. काजलकडे कबरीचा फोटो नाही. "पोरगी गाडली त्याचा फोटो कोणती माय काढते?" असं ती म्हणते.

पण तुम्ही काढलेत. गुंजन गेली त्याच वर्षीच्या ईस्टरच्या पहाटे आख्खी मंडळी याच कब्रस्थानात उपासनेला जमली होती. नवे कपडे घालून, लेकरं कडेवर घेऊन तुम्ही बाभळीजवळ फोटो काढत होतात. मग्गा तेव्हा मातीत होता. आपले हसरे चेहरे बाजूला सारा आणि मागची जमीन मोठी करून पाहा. उलटा निळा मग्गा दिसला, तर तो फोटो घेऊन या. प्रेमिलाबाई रोज सकाळी फाटकाशी उभ्या असतात. त्यांना काही बोलू नका, बोलायचं ते सगळं त्या स्वतःला बोलून झाल्या आहेत. फक्त त्यांच्याबरोबर रांगेत चला आणि फोटो काढताना तुम्ही नेमके कुठं उभे होतात, ते दाखवा.