सरांच्या हातातला माऊस

आमच्या कॉलेजात ट्रेनिंग म्हणजे काय, तर आपला पासवर्ड मॅडमच्या हवाली करणं. मॅडम म्हणजे मी. आठवडाभर सगळ्या सीनियर प्राध्यापकांपुढे उभी राहून मी घसा कोरडा केला. ऑनलाइन वर्ग कसा उघडायचा, तास रेकॉर्ड कसा करायचा, चाचणी कशी लावायची, सगळं सगळं दाखवलं. आणि शेवटच्या दिवशी जो तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, एवढं तुम्हीच करून टाका ना." घ्या! निम्म्या कॉलेजचे पासवर्ड माझ्या मोबाईलमध्ये जमा झाले.

नाही म्हणायची सोय नव्हती. मी तासिका तत्त्वावरची, म्हणजे जेवढे तास तेवढाच पगार, आणि दर जुलैत नव्यानं मुलाखत. रोज नगरहून पाथर्डीकडे जाणारी सकाळची एसटी पकडायची, अर्थशास्त्र शिकवायचं, आणि वर कायमच्या लोकांचे कॉम्प्युटर सांभाळायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

पण ट्रेनिंगवर माझा जीव होता, खोटं का बोलू? दिवाळी झाली की आमच्याकडची निम्मी पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. फडाच्या बांधावर बसून मोबाईलवर तास बघता आला तर त्यांचं वर्ष वाचतं. म्हणून मला वाटायचं, सगळ्यांनी शिकावं. निदान आमच्या विभागप्रमुखांनी तरी.

हे सर खडू हातात घेऊन बोलायला लागले की शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीशी येत. महागाई शिकवावी तर त्यांनीच. माऊस मात्र ते पाल असल्यासारखा लांबून बघायचे. स्लाईड बदलायची झाली तर हाताची घडी घालून "हं, पुढे," म्हणायचे आणि मी बटण दाबायची. वर्षानुवर्षं हेच चाललेलं.

तशात निरोप आला, बाहेरची समिती येणार, प्राध्यापक शिकवताना तंत्रज्ञान कसं वापरतात ते वर्गात बसून बघणार. प्राचार्यांनी सर्वांत ज्येष्ठ म्हणून सरांचंच नाव दिलं. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"तुम्ही वर्गाशेजारच्या लॅबमध्ये बसा. तिथून माझा कॉम्प्युटर चालवता येतो ना? मी वर्गात नुसता माऊस हलवतो."

"सर, कळेल हो."

"कुणाला कळतंय?" मग अगदी गोड आवाजात, "जुलैत मुलाखत आहे ना तुमची? पॅनेलवर मी आहेच."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडातून मात्र "बरं, सर" एवढंच निघालं. दुसरीकडे कुठे तास मिळणार होते मला?

पडद्यावर दोघांच्या माऊसचे बाण एकमेकांशी भांडू नयेत म्हणून आम्ही सरांच्या माऊसची वायर काढून टेबलामागे सोडून दिली. सोंग पक्कं झालं.

समिती आली ती ऐन उन्हाळ्यात. ऊसतोडीवरून मुलं नुकतीच परतली होती, वर्ग भरलेला. लॅब आणि वर्ग यांच्यामध्ये नुसती प्लायवूडची भिंत, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं आणि सरांचा पडदा माझ्यासमोर दिसत होता. हाताला असा घाम की माऊस निसटत होता. नेट गेलं तर? मी चुकीचं काही दाबलं तर? सर बुडाले तर माझीही नोकरी बुडाली, हे मला नीट माहीत होतं.

"हं, पुढे," सर म्हणाले. मी दाबलं. पुन्हा "पुढे", पुन्हा मी. जमत होतं की! समितीच्या अध्यक्ष बाई म्हणाल्या, "वा, सर, या वयात छान हात बसलाय." मुलांमध्ये कुणीतरी खुसखुसलं.

मग बाईंनी विचारलं, "इथल्या प्राध्यापकांना हे सगळं शिकवलं कुणी?"

मी कान भिंतीला लावला. माझं नाव घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? मुलाखतीत तेवढाच आधार.

"मीच," सर म्हणाले. "म्हटलं, आपणच पुढाकार घ्यावा. सगळ्यांना बसवून शिकवलं."

आयत्या बिळावर नागोबा! रागानं माझे कान तापले. भीतीही होतीच, पण त्या क्षणी राग मोठा होता. भिंतीपलीकडून सर म्हणाले, "आता मुलांसाठी चाचणी सुरू करू या."

मी माऊसवरून हात काढला.

पडद्यावरचा बाण जिथल्या तिथे थांबला. "चाचणी सुरू करू या," सर जरा मोठ्यानं म्हणाले. मी हात मांडीवर घट्ट धरून बसले. पलीकडे टेबलावर माऊस घासल्याचा आवाज यायला लागला, खर्र खर्र, नुसता खर्र खर्र.

तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या एका मुलीला सरांची दया आली. "सर, म्याडमला बोलवू का? त्या शेजारच्या लॅबमधीच हायेत."

झालं! मी उठून वर्गात गेले. बाईंनी टेबलामागे लोंबणारी वायर उचलून बघितली, मग सरांकडे, मग माझ्याकडे. सरांचा चेहरा पांढराफटक. मी खुर्चीकडे सरकले तशा बाई म्हणाल्या, "तुम्ही हात लावू नका. त्यांना सांगा. ते करतील."

सरांनी वायर हातात घेतली. पिन काही बसेना.

"उलटी आहे, सर," मी म्हणाले.

त्यांनी फिरवली. बसली. "आता डावं बटण. दोनदा. जरा भरभर." तीनदा फसलं. चौथ्यांदा चाचणी उघडली आणि वर्गभर मोबाईल टिंगटिंग वाजले. "आली, आली!" तीच मुलगी ओरडली. सरांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला.

समिती गेल्यावर त्यांनी मला बोलावलं. बसा म्हणाले नाहीत.

"नेट गेलं होतं?"

मी हो म्हणाले असते तर दोघांचीही सुटका होती. ते तशी वाटच देत होते मला.

"नाही, सर. मी हात काढला."

"पॅनेलवर मी आहे, हे माहीत असून?"

"माहीत असून. माझं काम तुम्ही आपल्या नावावर घेतलंत. मला फार लागलं ते."

ते मग म्हणाले, "जा तुम्ही." एसटीत बसल्यावर मला रडू आलं. घरी सांगायचं काय, हाच विचार नगर येईपर्यंत डोक्यात होता.

जुलैत मुलाखतीला गेले ती 'गेली नोकरी' असं मनाशी धरूनच. समितीची हकिगत सगळीकडे पोचली होती. पॅनेलवरच्या संस्थेच्या माणसानं पहिलाच प्रश्न टाकला, "तुम्हीच ना त्या? भर वर्गात आपल्या विभागप्रमुखांना पाडणाऱ्या?"

सर कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"त्यांनी नाही पाडलं," ते म्हणाले. "मी पडलेलोच होतो. इतकी वर्षं यांनी धरून ठेवलं होतं, त्या दिवशी फक्त हात काढला."

नेमणुकीची ऑर्डर आठवड्यानं आली. पुन्हा तासिकेचीच.