सोपानची फिक्स गाडी

सोपान गेल्याचा फोन आला तेव्हा मी चिकलठाण्याच्या बाजारात वांगी निवडत होतो. फोनवर त्याची मुलगी मनीषा होती. "रफिककाका, बाबा गेले..." एवढंच बोलली. मी "येतो" म्हणालो, फोन खिशात ठेवला आणि पुढं काय करायचं ते सुचेना म्हणून परत वांगी निवडायला लागलो. भाजीवाल्या बाईनं वजन करून ती पिशवीत टाकली. पाच-सहा पावलं चाललो आणि तिथंच, माणसांच्या येण्याजाण्याच्या वाटेत, उभा राहिलो. दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी सगळं स्पष्ट सांगितलं होतं. तेव्हापासून या फोनची मनाची तयारी केली होती, असं मला वाटत होतं. ती तयारी कुठल्याच कामाला आली नाही.

आम्ही दोघं चिकलठाण्याच्या एकाच कारखान्यात सव्वीस वर्षं होतो. तो फिटर, मी लेथवर टर्नर. तो पिशोरचा, मेंढरांमागं चालत वाढलेला. मी शहरातलाच, घरात दखनी बोलणारा, शाळा मात्र मराठी. पहिल्या आठवड्यातच आमचं भांडण झालं, तेही सायकलवरून. सुट्टी झाल्यावर गेटबाहेर मी पाहिलं, तर हा आपली काळी सायकल उलटी करून मागच्या चाकाशी झटत होता. त्यानं कुणाकडून तरी फ्रीव्हीलला वेल्डिंग मारून घेतलं होतं. म्हणजे पायडल थांबवलं की चाक मोकळं फिरत राहतं, ती सोयच त्यानं बंद करून टाकली होती. आता चाक फिरेल तोवर पायडल फिरणार आणि पायही. मी म्हणालो, "पागल है क्या? लोक आरामासाठी फ्रीव्हील लावतात, तू काढून टाकतोस?" त्यानं वर न बघता उत्तर दिलं, "पाय थांबलं की गाडी बी थांबली पायजे. उगं आपली पुढं पळायली, ही कसली गाडी?"

या वेडाचं मूळ त्यानं पुढं कधीतरी सांगितलं. तो अठरा-एकोणीस वर्षांचा असताना पिशोरच्या बाजारात एक सायकलवाला आला होता. सात दिवस खाली न उतरता गोल गोल फिरणारा. सायकलवरच जेवायचा, सायकलवरच अंघोळ करायचा, आणि लोक जमले की गाडी मागं चालवायचा. सोपान मेंढरं भावाकडं सोपवून दोन दिवस तिथंच बसून राहिला. शेवटी धीर करून त्यानं विचारलं, तेव्हा त्या माणसानं मागचं चाक दाखवलं. फिक्स, पायडलशी जखडलेलं. "सुदी बी जाती, उलटी बी जाती," सोपान मला सांगत होता आणि त्याचे हात हवेत हँडल धरल्यासारखे झाले होते, "पण तुझ्याबिगर जात नाय."

दर रविवारी सकाळी आम्ही मिटमिटा, शरणापूर फाटा करत दौलताबादचा घाट चढायचो आणि खुलताबादला चहा पिऊन परत यायचो. मी माझ्या साध्या फ्रीव्हीलवर, तो त्याच्या फिक्सवर. चढाला तो पुढं असायचा. त्याच्या म्हणण्यानुसार त्याचं चाकच पाय वर आणून द्यायचं. उतार मात्र माझा. पाय थांबवायचे, वारा अंगावर घ्यायचा, आणि खाली जाऊन त्याची वाट बघायची. तो मागून पायडल रोखत रोखत, मांड्यांनी गाडी दाबत यायचा, घामाघूम. "काय मिळवलंस?" मी विचारायचो. "तू नुसता बसून आलास. मी आलो," तो म्हणायचा. एका रविवारी उतारावर पाय रोखल्याबरोबर ते वेल्डिंगवालं दातेरी चक्र आट्यांवरून सुटलं. ब्रेक होते म्हणून वाचला. त्या आठवड्यात मी साहेबांची परवानगी काढून लेथवर त्याच्यासाठी चाकाच्या मधला नवा हब केला, वर उलट्या आट्यांची कडी बसवली, म्हणजे कितीही मागं रेटा दिला तरी चक्र सुटायचं नाही. आयुष्यात मी हजारो नग काढले असतील. हातात घेऊन कुणी गालाला लावलेला तो एकच.

आजाराची पहिली खबर त्या चाकानंच दिली. आम्ही दोघंही नुकतेच निवृत्त झालो होतो. घाटाच्या उतारावर त्याचा उजवा पाय पायडलवरून उडाला आणि पायडल नडगीवर बसलं. त्यानं हसण्यावारी नेलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तिसऱ्या रविवारी तो घाटाच्या पायथ्याशीच उतरला, गाडीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "रफिक, पाय ऐकंनात." शहरातले डॉक्टर झाले, पुण्याचे झाले. नसा वाळत जाण्याचा आजार आहे, यावर इलाज नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. आधी पाय जातील, मग हात, मग बोलणं, मग गिळणं, मग श्वास... डोकं मात्र शेवटपर्यंत जागं राहील. पुण्याहून परत येताना सोपान खिडकीतून बाहेर बघत होता.  यंत्राचा कुठलाही भाग बिघडला की आम्ही दोघं मिळून तो काढायचो, घासायचो, नवा करायचो. इथं हात लावायलाच जागा नव्हती.

तरी तो काही महिने गल्लीतल्या गल्लीत गाडी चालवत होता. मग दोनदा पडला. त्याची बायको, कमलवहिनी, एका दुपारी आमच्या घरी आल्या. पाणीसुद्धा न घेता म्हणाल्या, "रफिकभाऊ, त्या गाडीचं कायतरी करा. ह्यांचं पाय थकल्यात, अन् ती गाडी थांबूच देईना." मला ते पटलं. खरं सांगायचं तर, काहीतरी करता येतंय याचाच मला आनंद झाला. सोपानला मनीषा तपासणीसाठी घेऊन गेली होती, तेवढ्यात मी त्याचं मागचं चाक काढलं आणि साधं फ्रीव्हीलचं चाक बसवलं. त्याला विचारलं नाही.

तो आला. मनीषाच्या आधारानं गाडीवर बसला. मी मागून धरलं होतं. त्यानं सगळा जोर लावून उजवं पायडल खाली दाबलं. गाडी पुढं सरकली, आणि पायडल खालीच राहिलं. पूर्वी असं झालं की फिरणारं चाक त्याचा पाय उचलून वर आणायचं, पुढचा फेरा त्या जोरावर व्हायचा. आता गाडी चार-पाच हात घरंगळली आणि त्याचे पाय जिथल्या तिथं लोंबत राहिले. त्यानं पुन्हा जोर लावला. पायडल हललं नाही. तो माझ्या अंगावर कलंडला. त्यानं मागच्या चाकाकडं बघितलं, मग माझ्याकडं. रागावला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "इचारायचं तरी रं..." आणि मग, "ह्या चाकानं मला सोडून दिलं की."

मी त्याच जागी बसून जुनं चाक परत लावलं. नट बसेना. वहिनी दारात उभ्या राहून पदरानं तोंड दाबत होत्या. त्यांनी चांगल्यासाठी सांगितलं होतं, मी चांगल्यासाठी केलं होतं, आणि त्याच्याकडं उरलेली एकमेव गोष्टही आता त्याची नाही, हे आम्ही दोघांनी मिळून त्याला दाखवून दिलं होतं.

रस्त्यावर जाणं त्या दिवसापासून संपलं. पण गाडी ओसरीत स्टँडवर लावली की मागचं चाक अधांतरी राहायचं. सोपाननंच सुचवलं, "तू चाक फिरव. पाय येतेत मागं." वहिनींनी जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या आणि त्याची पावलं पायडलला बांधली. त्या समोरून त्याला धरायच्या, मी मागं पाटावर बसून हातानं चाक फिरवायचो. फिक्स असल्यामुळं पायडल फिरायचं आणि त्याचे वाळलेले पाय गोल गोल फिरायचे. रोज संध्याकाळी पाच वाजता, अर्धा तास. घरी व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीनं सांगितलं होतं की यानं आजार थांबणार नाही. ते आम्हाला माहीत होतं. तो डोळे मिटून घ्यायचा. "मिटमिटा," म्हणायचा. बऱ्याच वेळानं, "फाटा आला." मग, "आता चढ हाय, हळू." मी हळू करायचो. माझ्या तळव्याला त्याच्या पायांचा भार कळायचा, एक पाय वर येताना जड, दुसरा खाली जाताना हलका. पुढं त्याचं बोलणं गेलं तेव्हा गावांची नावं मी घेऊ लागलो आणि तो पापण्या हलवायचा. एकदा उतार आल्यावर मी विचारलं, "फ्रीव्हील पाहिजे का रे आता?" त्याच्या डोळ्यांत जुनं हसू आलं आणि लगेच पाणी. पुसायला हात वर येत नव्हता. वहिनींनी पुसलं... मान धरेनाशी झाल्यावर ते बसणंही थांबलं. शेवटचे सहा आठवडे तो खाटेवरच होता. मी पाचला जायचो, पाय चोळायचो आणि यायचो.

तेराव्यानंतर मी तिकडं गेलो नव्हतो. परवा पाच वाजता पाय आपोआप त्या रस्त्याला लागले. वहिनी ओसरीतच बसल्या होत्या. गाडी स्टँडवर तशीच होती, पायडलला लुगड्याच्या पट्ट्या लोंबत होत्या. त्यांनी चहा केला. मनीषाच्या सासरचं, पावसाचं, असं काहीबाही बोलणं झालं. मी उठायला लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊ, एकडाव फिरवता का? आवाज ऐकायचाय मला." मी पाट ओढला, मागं बसलो, आणि इतके महिने लावत होतो तेवढाच जोर लावून चाक ओढलं. चाक एकदम हातातून निसटलं. भिंगरीसारखं फिरलं, रिकामी पायडलं गरागरा फिरली, पट्ट्या साखळीवर फटफट आपटल्या. त्याच्या पायांचं वजन माझ्या हाताला इतकं पाठ झालं होतं, आणि ते नव्हतं. मी घाबरून दोन्ही हातांनी चाक दाबून धरलं. पायडलं जागच्या जागी थांबली.

वहिनींचे डोळे मिटलेलेच होते. "का थांबलात?" त्यांनी विचारलं.

 मी पुन्हा चाकाला हात लावला आणि या वेळी अगदी हळू, एका हातानं ओढत आणि दुसऱ्या हातानं रोखत, ते जड करून फिरवत राहिलो.