सामाईक धुराडं

हे गेल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात मी पुढच्या खोलीत उबेसाठी गॅसची शेगडी बसवायचं ठरवलं.

लंडनच्या ईलिंगमधलं आमचं घर सेमी-डिटॅच्ड. आमच्या आणि शेजारच्या घरात एकच भिंत, आणि त्या भिंतीत दोन्ही घरांच्या जुन्या फायरप्लेस पाठीला पाठ लावून बसलेल्या. आमची तर आम्ही घर घेतलं तेव्हापासून बोर्ड ठोकून बंदच होती. त्या बोर्डासमोर यांची खुर्ची असायची. आजारपणात ते दिवसभर तिथंच बसायचे आणि मी स्वयंपाकघरात असले तरी तिथूनच माझ्याशी बोलत राहायचे. ते गेल्यावर ती सवय मला लागली. सकाळी चहा घेऊन मी त्या खुर्चीशेजारी बसायची आणि बोलायची. आज कोण भेटलं, कचऱ्याची बिनं न्यायला गाडी आलीच नाही, असलंच काहीबाही.

मेडनहेडहून मुलीचा फोन आला. "आई, आता गॅस कोण लावतो? सगळे लोक हीट पंप घेतात."

"मला समोर जाळ दिसायला हवा," मी म्हटलं. तिला ते पटलं नाही. काम सुरू व्हायच्या दिवशी मात्र सुट्टी काढून आली.

शेगडी बसवणारे गृहस्थ उंच, अबोल होते. त्यांनी सगळीकडे चादरी अंथरल्या आणि बोर्ड उचकटला. आतून ओल्या विटांचा आणि काजळीचा गार झोत आला. तळाशी पडलेला चुना, विटांचे तुकडे, एका पक्ष्याचे वाळलेले पंख. ते सगळं त्यांनी गोण्यांत भरलं, धुराडं ब्रशनं झाडलं, पोकळीच्या कडा सरळ केल्या. मग म्हणाले, "आता धूर सोडून बघतो. वर बाहेर पडला पाहिजे, दुसरीकडे कुठं नाही."

धुराची गोळी पेटवून ते छताकडे बघायला रस्त्यावर गेले. मी आणि मुलगी खोलीत उभ्या होतो. धूर सरळ वर चालला होता. ते परत आत येऊन "वर फारच कमी येतोय" असं म्हणतात न म्हणतात तोच बेल वाजली.

दारात शेजारीणबाई. त्या इंग्रज, माझ्याहून बऱ्याच मोठ्या, एकट्या राहणाऱ्या. इतक्या वर्षांत आमचं बोलणं कुंपणावरून हवेबद्दल आणि ख्रिसमसच्या कार्डापुरतं. "माझ्या बैठकीत धूर आलाय," त्या शांतपणे म्हणाल्या.

आम्ही सगळे त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या फायरप्लेसमधून पांढरा धूर जमिनीसरसा पसरत होता. मधली विटांची भिंत आत कुठंतरी ढासळली होती आणि दोन्ही धुराडी एक झाली होती. शेगडीवाले म्हणाले की हे बुजवून आत स्टीलचा पाइप सोडल्याशिवाय गॅस लावता येणार नाही. मी जन्मभर हॉस्पिटलात काम केलेलं, कार्बन मोनॉक्साइड काय करतो ते मला कुणी सांगायला नको होतं. मी लगेच हो म्हटलं.

खिडक्या उघडल्यावर धूर गेला. शेगडीवाले सामान ठेवायला गाडीकडे गेले. शेजारीणबाई त्या काळ्या पोकळीकडे बघत होत्या.

"म्हणजे तुमचा आवाज इथून येत होता," त्या म्हणाल्या. "तुमचा आणि तुमच्या नवऱ्याचा."

"ते आजारी असताना बोलायचे खरं," मी म्हटलं. "तुम्हाला त्रास झाला असेल."

"छे. सोबत वाटायची. मध्ये थोडे दिवस आवाज बंद होता. नंतर परत सुरू झाला. तुम्ही बोलता आणि ते उत्तर देतात."

मुलीनं माझा हात धरला. मी म्हटलं, "ते जाऊन वर्ष उलटून गेलं."

"मला माहीत आहे. मी फ्युनरलला आले होते की," त्या म्हणाल्या. मग जरा आठवल्यासारखं करून त्यांनी दोन शब्द उच्चारले. मराठीचं अक्षरही न येणाऱ्या त्या बाई अडखळत पण स्वच्छ म्हणाल्या, "अगं, ऐकलंस?"

हे मला अशीच हाक मारायचे. यांचं जिवंत असतानाचं बोलणं बाईंच्या कानात राहिलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण मला ते तपासून बघायचं होतं.

मी मुलीला म्हटलं, "तू आपल्याकडे जा. खुर्चीजवळ बस आणि काहीतरी बोल. मराठीत."

ती गेली. आम्ही दोघी वाट बघत राहिलो. मग त्या पोकळीतून आवाज आला, खाली उतरलेला, घोगरा, विटांवर घासून आल्यासारखा. "बाबा, मी आलो आहे. आई एकटी आहे ना, म्हणून. तू काळजी नको करू." मराठी मुलीचं होतं, तिच्या नेहमीच्या चुकांसकट. आवाज यांचा होता.

"हा त्यांचाच ना?" मी कसंबसं विचारलं.

शेजारीणबाईंनी मान हलवली. "नाही. ही तुमची मुलगी. ते याहून सावकाश बोलतात."

मी त्यांच्याकडून परत आले तेव्हा मुलगी खुर्चीजवळच बसलेली दिसली. पलीकडे काय ऐकलं ते मी तिला सांगितलं, तशी ती डोळे पुसून म्हणाली, "आई, भिंत बंद नको करू." मी तिला जवळ घेतलं. पण शेजारच्या बाईंच्या घरात गॅस जाऊ देणं मला शक्यच नव्हतं, आणि तेही तिला कळत होतं. त्या आठवड्यात गवंडी आला, विटा बसल्या, पाइप उतरला, शेगडी लागली. पहिल्या दिवशी मी शेगडीसमोर चहा घेऊन बसले आणि मला एक शब्द सुचला नाही.

पुढे शेजारीणबाईच म्हणाल्या की आता त्यांच्याकडे फार शांत वाटतं, त्या दुपारी आमच्याकडे येऊन बसल्या तर चालेल का? मी चालेल म्हटलं. आता त्या बहुतेक रोज येतात. यांच्याच खुर्चीत बसतात. परवा बोलता बोलता त्या मध्येच थांबल्या, कप खाली ठेवला आणि मान किंचित वळवली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "गॅसचा आवाज असेल." मग त्यांनी कप उचलला.