सरकारी कान

पहाडगंजातल्या त्या चिनी हॉटेलचा मालक वडिलांच्याच गल्ल्यावर बसे. मी केंद्र सरकारचा नोकर. मी आत शिरलो की तो बायकोशी चाललेले चिनी बोलणे तोडून हिंदीवर येई. हा माणूस काहीतरी लपवतो, असा मला संशय होता. एकदा मी सरळ विचारले, "मेरे आते ही अपनी भाषा क्यों छोड़ देते हो?"

त्याने सूपचा वाडगा माझ्यापुढे ठेवला. "आपके कान सरकारी हैं, साहब. चीन से लड़ाई हुई, तब पिताजी को जो पकड़कर ले गए, वे भी रोज़ यहीं खाते थे. खाने की बड़ी तारीफ़ करते थे."

सूप उत्तम होते. मी तसे म्हणालो नाही.