चाखणं म्हणजे खाणं नव्हे

माझी नणंद बेकरीत केकवर क्रीम चढवते. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून आमचं फारसं जमलं नाही. तिला मी धांदरट वाटायचे, काचेची बशीसुद्धा ती माझ्या हातात द्यायची नाही. मला तिचं बोलणं फटकळ वाटायचं. दोघींचंही खरंच होतं. पण एखादी गोष्ट मनावर घेतली की ती तडीस नेल्याशिवाय ही बाई स्वस्थ बसणार नाही, हे मी तिच्या तोंडावरही कबूल करत आले आहे.

आमचे हे तिचे धाकटे भाऊ. तिची वस्तू मागून न्यायची आणि मोडून परत आणायची, हा त्यांचा लहानपणापासूनचा खाक्या. सायकल नेली तर चाक वाकडं होऊन आली, छत्री नेली तर नुसत्या काड्या आल्या. ताई अजून दिसेल त्याला हे ऐकवते.

तर यांचं लिव्हर गेलं. दारूचा थेंब कधी तोंडाला लावला नाही, तरी निम्म्या नातेवाइकांनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलंच, खरं सांग, लपूनछपून घेत होते का? लोकांच्या जिभेला हाड नसतं. चरबी साठत गेली, साखर वाढली, थकवा आला तो आम्ही कामाचा समजलो, आणि कळलं तोवर लिव्हर आतून कडक होऊन गेलं होतं. दुसऱ्याच्या लिव्हरचा तुकडा बसवणं एवढाच मार्ग उरला. माझा रक्तगट जुळेना. ताईचा जुळला. ती तिथल्या तिथे म्हणाली, माझं घ्या. पण तपासणीत निघालं की तिच्याही लिव्हरमध्ये चरबी आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, असं लिव्हर कापणं तुम्हालाही धोक्याचं आणि भावालाही; आधी चरबी उतरवा, मग बघू. यांच्याकडे मात्र वेळ फार नव्हता.

ताईनं कंबर कसली. कामावर चालत जायची, चालतच यायची. साखर बंद, तळलेलं बंद. आणि कुणीतरी सांगितलं म्हणून गोळ्या सुरू केल्या. नाना तऱ्हेची व्हिटॅमिनं, शिवाय लिव्हर शुद्ध करणारी म्हणून कसलीशी हिरवी कॅप्सूल. स्वयंपाकघराच्या खिडकीत बाटल्यांची रांग लागली. घाई होती, म्हणून एकीच्या जागी दोन घ्यायची. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारा तरी. व्हिटॅमिनचं काय विचारायचं, ते काय औषध आहे, असं म्हणून तिनं मला गप्प केलं.

पुढच्या तपासणीत चरबी जेमतेम हलली होती आणि रक्तातले लिव्हरचे आकडे उलट वाढले होते. डॉक्टरबाईंनी बाटल्या मागवून घेतल्या, एकेक वाचली आणि सगळ्या बाजूला सारल्या. "तुमच्या रक्तात काही कमी असतं तर मीच दिलं असतं. जास्तीचं जे पोटात जातं, ते शेवटी लिव्हरलाच निस्तरावं लागतं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी खाण्याचं विचारलं. ताईनं सगळं सांगितलं, त्यात त्यांना काही खोट सापडेना. आता याहून आणखी काय करू, असं म्हणत ताई बाहेरच्या बाकावर बसली आणि रडली. तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला फार भीती वाटली.

खोट सापडली ती मला, आणि तीही भांडायला गेले म्हणून. ती डबा घरीच विसरली होती. तो द्यायला बेकरीत गेले आणि चार शब्द सुनावावेत म्हणून थांबले. ताई क्रीम फेटत होती. यंत्र थांबवून तिनं चमचाभर क्रीम चाटलं, साखर वाढवली, पुन्हा चाटलं. मग चॉकलेटचं भांडं आलं, त्याचंही तेच. शेजारी भट्टीवाला केकच्या कापलेल्या कडा तोंडात टाकत होता, त्यातली एक तिनंही उचलली, माझ्याशी बोलता बोलता, तिकडे न बघता. मी डबा आपटला.

"हे काय चाललंय, ताई?"

"काय? चव बघतेय."

"दिवसभर?"

"अगं, चाखणं म्हणजे खाणं नव्हे."

भट्टीवाल्यानंही मान डोलावली. तिथे चाखण्याला कुणीच खाणं समजत नाही. घरी गेल्यावर सगळे म्हणतात, सकाळपासून पोटात काही नाही. ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी ते पोटात जातच नव्हतं. मी ओट्यावरची एक रिकामी वाटी तिच्यापुढे सरकवली आणि म्हटलं, आज जेवढं तोंडात घालाल तेवढंच दुसरं या वाटीत टाका. संध्याकाळी ती वाटी घेऊन घरी आली. वाटी शिगोशीग भरली होती. ती माझ्यापुढे ठेवून ताई आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती तोंडाला फडकं बांधून कामाला उभी राहिली. चव बघण्याचं काम मालकाकडे गेलं, आणि मालकाची जीभ काही विचारू नका. गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. आजवर तिच्या क्रीमला कुणी नाव ठेवलं नव्हतं. तेही तिनं फडक्याआडून ऐकून घेतलं. साखर सोडण्याहून तिला हे जड गेलं. मालक म्हणाला, एक चमचा घेऊन बघा, कुणाला कळणार आहे?

"माझ्या लिव्हरला," ती म्हणाली आणि क्रीम फेटत राहिली.

इकडे हे झिजत चालले होते. डोळे पिवळे, पोटात पाणी, दवाखान्याच्या वाऱ्या. दवाखान्यात ठेवून घेतलं की ताई त्यांना बघायला यायची तीही चालत, आणि त्यांच्या उशाशी बसून सायकलीवरून टोमणे मारायची. अखेर तिचं रक्त निवळलं, चरबी उतरली आणि डॉक्टरबाईंनी हो म्हटलं. त्या दिवशी मी सगळ्यांसमोर ताईच्या गळ्यात पडले.

ऑपरेशनच्या सकाळी आधी तिला आत नेणार होते. मी विचारलं, भीती वाटतेय का? वाटते की, ती म्हणाली. मग तिनं माझा हात धरला.

"घासूनपुसून लखलखीत करून देतेय. पण हे मी त्याच्यावर सोडत नाही. तू सांभाळ."

तेव्हापासून यांच्या ताटावर माझी नजर असते. चव बघतोय असं म्हणून चमचा उचलला, की मी वाटी पुढे करते.