फोल्डरचा फेरफार

सेलूच्या आमच्या साडूंइतका जागोजागी अपमान शोधणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात सापडायचा नाही. बस केळझरला दोन मिनिटं जास्त थांबली की यांचा अपमान, चहात साखर कमी पडली की अपमान. जन्मभर तलाठी होते, त्यामुळे राग आला की सरळ अर्ज लिहितात. घरी आलेल्या लग्नपत्रिकेवरसुद्धा आवक क्रमांक टाकतात! माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन गेलो, तर तिच्यावर 'विलंबाने प्राप्त' असा शेरा मारून पोच माझ्या हातात ठेवली. तेव्हाच मी कानाला खडा लावला होता. पण गेल्या महिन्यात फोन आला, "भाऊ, लवकर या. कॉम्प्युटर मले चोर समजून राह्यला."

कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरी, म्हणजे मी साऱ्या नातेवाइकांचा फुकट मेकॅनिक! गेलो मुकाट्याने. साडूंचा जुना कॉम्प्युटर बंद पडला होता आणि दुकानदाराने त्याची हार्डडिस्क नव्यात बसवून दिली होती. तिच्यातलं एक फोल्डर उघडेना. ते मोठ्या ताईंचं, म्हणजे साडूंच्या बायकोचं. ताईंना जाऊन वर्ष झालं. भुलाबाईची गाणी म्हणून त्या तिथे रेकॉर्ड करून ठेवायच्या; त्यांचा आवाज आता तेवढाच उरला होता. आणि कॉम्प्युटर साडूंना सांगत होता, तुम्हाला परवानगी नाही, प्रशासकाशी संपर्क साधा. यांनी काय करावं? आठ दिवस 'प्रति, मा. प्रशासक' असे अर्ज लिहून कॉम्प्युटरपुढे ठेवले!

"अहो, प्रशासक तुम्हीच आहात!" मी ओरडलो.

"मीच प्रशासक, तं मले काऊन अडवून राह्यला हा?" ते माझ्या दुप्पट ओरडले.

मी समजावलं, फोल्डरची मालकी ताईंच्या जुन्या खात्याकडे आहे, ती तुमच्या नावावर केली की उघडेल. "म्हंजे फेरफार!" साडूंचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "नाई करायचा. ती होती तवा तिची एक वस्तू माह्या नावावर केली नाई, आता करू?" माझं डोकंच फिरलं. आवाज ऐकायचा की नाही ऐकायचा, एकदा काय ते सांगा! अर्धा तास भांडल्यावर ठरलं, मालकी घ्यायची, पण परवानगीच्या यादीतून ताईंचं खातं काढायचं नाही.

ती यादी उघडली. साडूंच्या नावाच्या वरच्या ओळीत एक लांबलचक आकडा होता आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं, अनोळखी खातं.

"हे कोन?"

"ताईच. नव्या कॉम्प्युटरला जुनं नाव कळत नाही."

"अनोळखी? तिले अनोळखी म्हनते हा?" साडूंनी टेबलावर हात आपटला. "सारं सेलू ओळखते तिले!" खरं सांगतो, इतक्या वर्षांत त्यांचा राग मला पहिल्यांदा पटला. मीही त्या कॉम्प्युटरला दोन शिव्या हासडल्या.

फोल्डर उघडलं. पहिलं गाणं लावलं. ताई दोनदा खाकरल्या, मग म्हणाल्या, "अवो, पंखा बंद करा न. त्याचाच आवाज येऊन राह्यला."

साडू उठले आणि पंखा बंद करून आले.